बर्मिंगहॅममधला उल्हास

अर्चनानं दार उघडलं, सुचेताला मिठी मारली, हात किती गार म्हणून रागावली, ट्रेनमध्ये बसायला मिळालं का विचारलं, बूट इथंच काढ म्हणाली, आणि उल्हास कसा आहे हे काही तिनं विचारलं नाही. सुचेता लेस सोडायला वाकली होती. वाकल्या वाकल्याच तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. मजेत आहे, गुडघ्यांचं तेवढं चालूच असतं, यायचं म्हणत होता पण एवढ्या थंडीत नको म्हटलं मीच. एका बुटाची लेस सुटली, दुसऱ्याचीही सुटली, अर्चना आत जाऊन किटली लावून परत आली, तरी प्रश्न आला नाही. एरवी तो दारातच यायचा, मिठी पुरती सुटायच्या आत, कानाजवळच. सुचेता मोज्यांवर उभी राहिली. गडबडीत राहिलं असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. आज मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू, अर्चना मंडळाची सेक्रेटरी, ओट्यावर तिळाच्या वड्यांचे डबे, सोफ्यावर वाणाच्या पिशव्या, आणि आतून तिची मुलगी सिया ओरडून सेफ्टी पिन मागत होती. अशा घाईत कुणाच्या नवऱ्याची चौकशी राहून गेली तर त्यात विशेष ते काय. पण चहा पिऊन होईपर्यंत तिचे कान त्याच प्रश्नाकडे लागलेले होते.

उल्हासला जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. साउथहॅम्प्टनच्या घरामागच्या बागेत तो ऑक्टोबरमधल्या एका सकाळी पाचोळा गोळा करत होता, दमला म्हणून पायरीवर बसला आणि तिथून उठला नाही. मुलगा, देव, मेलबर्नहून आला, सगळं नीट केलं, फ्रीजवर उपयोगाचे फोन नंबर चिकटवून परत गेला. साउथहॅम्प्टनमध्ये मराठी माणसं थोडी, तीही बहुतेक हॉस्पिटलातले डॉक्टर. पण जी होती ती डबे घेऊन आली, सोफ्याच्या कडेवर बसली आणि आवाज खाली आणून बोलली. त्या खाली आणलेल्या आवाजाचा सुचेताला उबग आला. दुकानात, ग्रंथालयात, शेजारच्या इंग्लिश म्हातारीच्या दारातसुद्धा तोच आवाज. त्यानंतरच्या जानेवारीत ती बर्मिंगहॅमला आली तेव्हा मात्र खोटं बोलायला आली नव्हती. ज्या गावात उभा संसार केला, तिथल्या माणसांना फोनवर काय सांगायचं, समोर बसून सांगू, असं ठरवून आली होती. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. अर्चनानं दार उघडलं, मिठी मारली, कानाशी विचारलं, "उल्हास कसा आहे?" आणि सुचेताच्या तोंडून निघून गेलं, "मजेत." एवढंच. पण तेवढ्यानं छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. साउथहॅम्प्टनच्या घरात, टीव्हीसमोर, पायांवर शाल घेऊन बसलेला उल्हास तिला लख्ख दिसला. परतीच्या गाडीत वाटलं, आता हे निस्तरावं लागेल. निस्तरलं नाही. उन्हाळ्यात ती पुन्हा गेली, गणपतीत गेली, पुढच्या संक्रांतीला गेली. साउथहॅम्प्टनमध्ये उल्हास गेलेला होता, आणि बर्मिंगहॅममध्ये तो साउथहॅम्प्टनला होता. एवढी सोय तिनं करून ठेवली होती आणि ती व्यवस्थित चालली होती.

बॅनबरी स्टेशन गेलं की ती पर्स घेऊन ट्रेनच्या टॉयलेटमध्ये जायची. मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, टिकली. हलत्या आरशात टिकली नेमकी मध्यावर बसायची नाही, मग लेमिंग्टनपर्यंत फोनच्या कॅमेऱ्यात बघून ती सरळ करत राहायची. एखाद्या बाईनं चोरून कुणाला भेटायला जावं तशी सगळी तयारी, आणि भेटायचं कुणाला, तर स्वतःच्या लग्नाच्या नवऱ्याला. गंमत म्हणजे मेल्यावर उल्हास बराच सुधारला होता. खरा उल्हास तिच्या बर्मिंगहॅमच्या खेपांवर तोंड वाकडं करायचा, माझ्या जेवणाचं काय एवढंच विचारायचा. हा म्हणायचा, जा, मजा करून ये. खऱ्यानं जन्मात चहाचा कप विसळला नव्हता. हा कुकर लावायला शिकला होता, बागेत मेथी लावत होता, संध्याकाळी तिच्याबरोबर बंदरावर फिरायलाही येत होता, दुखऱ्या गुडघ्यांनी. हे सगळं ती अर्चनाला सांगायची, आणि सांगताना थोडं थोडं वाढवायची. "उल्हास आणि कुकर?" म्हणून अर्चना हसायची. मागच्या संक्रांतीला तर निघताना तिनं बेसनाच्या लाडवांचा डबा हातात ठेवला होता, त्याला आवडतात म्हणून. ते लाडू सुचेतानं साउथहॅम्प्टनला नेले आणि रोज एक, दुपारच्या चहाबरोबर, त्याच्या खुर्चीत बसून खाल्ला. लाज वाटली नाही असं नाही. पण लाजेनं कुणाचं पोट भरत नाही, आणि लाडू खरोखर चांगले झाले होते.

अर्चनाचा नवरा यतीन सामान आणि सियाला गाडीत घालून पुढे गेला आणि या दोघी कालव्याकाठानं चालत हॉलकडे निघाल्या. रात्रीच्या थंडीनं पाण्यावर कडेकडेनं बर्फाची पातळ साय धरली होती. मधल्या काळ्या पाण्यात बटाट्याच्या क्रिस्पचं एक रिकामं पाकीट होतं तिथंच थांबलेलं होतं. ओळीनं बांधलेल्या लांबट अरुंद बोटी, त्यांच्या टपांवर लाकडं, सायकली, मेलेल्या झाडांच्या कुंड्या. एका धुराड्यातून कोळशाचा वास, आणि त्या वासाबरोबर तिला नेहमी उगाचच भूक लागायची. कोट घातलेला एक कुत्रा टपावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांना मोजत होता. मागून घंटी वाजली, दोघी भिंतीला चिकटल्या, सायकलवाला आभार मानून गेला. प्रत्येक खेपेला इथं काही ना काही बदललेलं असायचं. पबचं जिम झालेलं, जिमचं कॉफीचं दुकान, आणि जिथं कोळशाचा धक्का होता तिथं त्याच धक्क्याचं नाव लावलेले काचेचे फ्लॅट. जुनं काही ठेवायचं नाही आणि नाव मात्र जुनंच लावायचं, असा या शहराचा खाक्या. आधी सुचेताला याचा राग यायचा. अलीकडे येत नव्हता. आपणही तेच करतो आहोत, हे तिला एकदा इथंच चालताना सुचलं होतं आणि तिनं ते घाईघाईनं डोक्यातून काढून टाकलं होतं.

पुलापाशी आल्यावर ती सवयीनं थांबली. लोखंडी पुलाच्या कडेला खोल खाचा होत्या, बोटी ओढणाऱ्या घोड्यांच्या दोरांनी घासून घासून पडलेल्या. पुण्याहून कुणीही पाहुणा आला की उल्हास त्याला पहिल्याच दिवशी इथं आणायचा. व्हेनिसपेक्षा जास्त मैल कालवे आहेत आपल्याकडे, हे त्याचं पहिलं वाक्य. हे 'आपल्याकडे' तो असं म्हणायचा की जणू त्यानंच कुदळ मारली होती. मग पाहुण्याचा हात धरून त्याचं बोट खाचेत घालायला लावायचा, आणि सुचेता मागे थर्मास घेऊन उभी, तेच ऐकून कंटाळलेली, पाहुण्याच्या बायकोकडे बघून ओशाळं हसणारी. याच पुलाखाली ती एकदा रडली होती. त्याचा कारखाना बंद झाला, त्यानं साउथहॅम्प्टनच्या बंदरावरची नोकरी धरली, आणि जेवताना, भाजी वाढून घेता घेता, सांगून टाकलं की मार्चमध्ये जायचंय. विचारलं नाही, सांगितलं. तिची शाळेतली नोकरी, मंडळ, अर्चना, हे सगळं त्याच्या हिशेबात कुठंच नव्हतं. रविवारी फिरायला आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून रडली, आणि उल्हास शेजारी उभा राहून कालव्याच्या इतिहासाचा फलक वाचत होता. तिचं रडणं संपेपर्यंत त्यानं तो फलक पुरवून पुरवून वाचला. हे ती विसरली नव्हती. साउथहॅम्प्टनला दहा-बारा वर्षं काढली तरी विसरली नव्हती. एक दिवस नीट समोर बसवून हे त्याला ऐकवायचं, हे तिनं राखून ठेवलं होतं. आता कुणाला ऐकवणार? बर्मिंगहॅममधला उल्हास इतका समजूतदार की त्याच्याशी भांडण उकरून काढायला तोंडच उरलं नव्हतं. भांडायचं तर खऱ्याशी, आणि तो पायरीवर बसून निघून गेला होता, नेहमीसारखाच, न विचारता.

"उल्हासला या खाचा फार आवडतात," ती म्हणाली. मुद्दामच म्हणाली, गळ टाकल्यासारखी. अर्चना "हं" म्हणाली आणि पलीकडच्या काठावर चरणाऱ्या, बदकांसारख्या मोठ्या गूजकडे बघत राहिली. मग या गूजनी नुसती घाण करून ठेवलीय, कौन्सिल काही करत नाही, पाय जपून टाक, असं बरंच काही म्हणाली. अर्चनाला शांतता सोसत नाही हे सुचेताला ठाऊक होतं; पण आज ती बोलत होती ते शांतता भरायला नव्हे, काहीतरी झाकायला. चालताना तिनं दोनदा सुचेताचं कोपर धरून पुन्हा सोडलं. सुचेताच्या मनात आलं, आत्ता, याच पायवाटेवर, हिला सांगून टाकावं. सांगितलं तर काय होईल? अर्चना थांबेल, तोंडावर हात ठेवेल, मग तिचा आवाज खाली येईल. तो आवाज एकदा या गावात शिरला की मग कुठलं गाव उरलं? सुचेतानं गळ गुंडाळून घेतला आणि गूज खरंच फार माजलेत म्हणाली.

हॉल चर्चच्या मालकीचा होता. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, स्टेजवर कागदी पतंग, हीटर चालू असूनही पैठण्यांवर कार्डिगन. पुण्या-मुंबईच्या नव्या पोरी फोनवर रील काढत होत्या, जुन्या बायका दाराजवळच्या कोपऱ्यात बसून येणारीचं माप घेत होत्या. सुचेता आत आली आणि त्या कोपऱ्यातलं बोलणं थांबून पुन्हा सुरू झालं. हेही पूर्वी होत असेल, तिच्याच लक्षात आलं नसेल, असं तिला आता वाटू लागलं. एकदा संशयाचा खडा पायात शिरला की प्रत्येक पाऊल टोचतं. मागच्या वर्षी इथंच उखाण्यांचा आग्रह झाला होता. तिनं तिचा जुनाच घेतला होता, देव लहान असताना रचलेला: "कालव्याच्या पाण्यात बदकांची जोडी, उल्हासरावांना लागली इथल्या चहाची गोडी." उल्हासला तो उखाणा मुळीच आवडायचा नाही, यमकासाठी माझी बदनामी म्हणायचा. मागच्या वर्षी तो घेतल्यावर क्षणभर हॉल गप्प झाला होता, आणि मग टाळ्या पडल्या होत्या. फार टाळ्या. एवढ्याशा उखाण्याला एवढ्या टाळ्या कशाला, असं तेव्हा तिला वाटलं होतं, पण वाईट वाटलं नव्हतं. त्या टाळ्यांची ऊब तिला परतीच्या ट्रेनमध्ये रेडिंगपर्यंत पुरली होती.

अर्चना माइकपाशी गेली. पाहुण्यांचं स्वागत झालं, चर्चचे आभार झाले, बूट दाराबाहेर नीट लावा हे झालं. मग तिनं हातातला कागद घडी करून बाजूला ठेवला, आणि तिचा आवाज खाली आला. सुचेताला तो आवाज ओळखायला एक शब्दसुद्धा लागला नाही. यंदापासून आपल्या मंडळाचं हळदीकुंकू सगळ्या स्त्रियांसाठी आहे, अर्चना सांगत होती. सवाष्ण, विधवा, सिंगल, डिव्होर्सी, असा भेद आपण यूकेमध्ये राहून करायचा हे शोभत नाही. कमिटीनं एकमतानं ठरवलं आहे. टाळ्या झाल्या. "आणि याची सुरुवात आपण करतोय आपल्या लाडक्या सुचेतापासून. उल्हासना जाऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तिनं ज्या धीरानं सगळं निभावलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय." सगळ्या माना वळल्या. कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सुचेतानं एकेक चेहरा पाहिला, दाराजवळच्या कोपऱ्यातला, खिडकीतला, रील काढणाऱ्या पोरींचासुद्धा. प्रत्येक चेहऱ्यावर हळवं हसू, आणि एकाही भुवईत हालचाल नाही. कुणीतरी तिच्या पाठीला हात लावून तिला उठवलं. ती स्टेजकडे चालत गेली, कारण न जाण्यासाठी जे काही लागतं ते तिला त्या घटकेला सापडेना. सिया करंडा घेऊन उभी होती, नऊवारी नेसलेली, डोळ्यांत पाणी. तिनं कुंकवाचं बोट उचललं आणि ते हवेतच थांबलं. सुचेताच्या कपाळावर बॅनबरीला लावलेली टिकली होती. मग सियानं थोडं वर, केसांच्या कडेपाशी जागा शोधून तिथं हळदीकुंकू टेकवलं. सगळा हॉल उभा राहिला. "हा माझा आयडिया होता, मावशी," सिया तिच्या कानाशी म्हणाली. "तू रडू नको. आता तुला प्रिटेंड करायची नीड नाही." सुचेता रडत नव्हती. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र तिला स्वतःलाच दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळ्या इतक्या सभ्य होत्या की त्याकडे कुणीही बघत नव्हतं.

हॉलमागच्या किचनमध्ये तिनं नळ सोडला आणि कागदाचा बोळा ओला करून कपाळ पुसायला लागली. कुंकू निघालं, टिकलीही निघाली, हळद मात्र राहिली. अर्चना मागून आली आणि दार लोटून उभी राहिली. बराच वेळ ती नुसती सुचे, सुचे करत होती. मग म्हणाली की तुला वाईट वाटेल असं वाटलंच नव्हतं, उलट मोकळं वाटेल असं वाटलं. सियाच्या कॉलेजात ग्रीफ काउन्सेलिंगचं काहीतरी असतं, ती म्हणाली हे असं चालू देणं हेल्दी नाही.

"तुला कधी कळलं?" सुचेतानं विचारलं.

"अगं, तेव्हाच. त्याच आठवड्यात. यतीनचा एक मित्र तिथं हॉस्पिटलात आहे ना. तुझा फोन येईल म्हणून वाट बघत बसले."

सुचेतानं नळ बंद केला. "म्हणजे पहिल्यांदा मी आले तेव्हा, दारात तू विचारलंस, उल्हास कसा आहे…"

"मला वाटलं, तू सांगशील. विचारलं की तुला सांगता येईल. मीच कसं म्हणू, उल्हास गेला ना म्हणून? तू म्हणालीस मजेत. मग मी काय बोलणार होते?" अर्चनानं पदरानं नाक पुसलं. "दर वेळी विचारायचे, आज तरी सांगेल म्हणून. आणि तू कुकरचं सांगायचीस, मेथीचं सांगायचीस. मी ऐकायचे आणि रात्री यतीनजवळ रडायचे. सगळ्या बायकांना मी सांगून ठेवलं होतं, कुणी विषय काढायचा नाही, ती म्हणेल त्याला हो म्हणायचं."

"लाडू कुणासाठी दिले होतेस?"

अर्चना ओट्यावरचे कप सरळ करायला लागली. बाहेर नव्या पोरींचे उखाणे सुरू झाले होते, नवऱ्यांच्या नावाला हशा आणि शिट्या. सुचेताला अर्चनाचा राग यायला हवा होता आणि तो येतही होता, पण तो टेकवायचा कुठं हे कळत नव्हतं. हिनं वाईट ते काय केलं? दार उघडून विचारलं, ऐकून घेतलं, डबा भरून दिला. जगात कुणी कुणासाठी एवढं करत नाही. आपण सगळ्या गावाला फसवतो आहोत अशा तोऱ्यात ती दोन वर्षं इथं वावरली, आणि गाव मिळून एका वेड्या बाईचं मन राखत होतं. त्या टाळ्या. ती उखाण्यानंतरची शांतता. ती मेथीचं सांगत असताना कोपऱ्यातल्या बायका एकमेकींकडे न बघता कशा माना हलवायच्या, हे आता तिला एकेक करून आठवत होतं आणि प्रत्येक आठवणीनं अंगातून कढ जात होता. चोरून घेतलेलं होतं तोवर ते तिचं होतं. आता ते कुणी कुणी वर्गणी काढून दिलेलं निघालं. "मला इथं तो हवा होता," ती म्हणाली. "तुमच्या कुणाचं काय जात होतं, अर्चना?" अर्चनानं तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. सुचेतानं त्या हातांत ओल्या कागदाचा बोळा ठेवला, खुर्चीवरून कोट आणि पर्स घेतली, मागच्या दारानं बाहेर पडली आणि वळसा घालून पुढच्या दाराशी बूट चढवले.

पायवाटेला लागते तोच मागून काकू, काकू अशी हाक आली. अक्षया नावाची मुलगी होती, नागपूरची, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारी, शरद ऋतूत इथं आलेली. तिची ओळख तिनं चालता चालता स्वतःच करून दिली. बसनं दगा दिला म्हणून ती हॉलवर पोचली तेव्हा उखाणे चालू होते, एक वडी खाल्ली, वाण घेतलं, आणि संध्याकाळी ऑफिसचा कॉल म्हणून लगेच निघाली. "काकू, तुम्ही पण स्टेशनकडेच जाऊन राहिल्या का? मला हा रस्ता एकटीला कळतच नाही, सगळे पूल सारखेच वाटतात." सुचेतानं मान हलवली. काठाचा बर्फ वितळून गेला होता. पाण्यात काचेच्या इमारती उलट्या उभ्या होत्या आणि एक बोट त्यांच्यातून हळूहळू वाट काढत होती. सुकाणूवरच्या माणसानं हात केला, अक्षयानंही हसून केला. हे किती छान आहे ना काकू, ती म्हणाली, आईला रोज फोटो पाठवते मी. तिच्या बोलण्यात खाली आणलेला आवाज नव्हता. तो तिच्याकडे नव्हताच. सुचेताच्या हळूहळू लक्षात आलं की या सबंध शहरात, या घटकेला, ही एकच मराठी मुलगी आहे जिला काही माहीत नाही.

"काका नाही आले?" अक्षयानं विचारलं, सहज, पुलाचा चढ चढता चढता.

प्रश्न आला होता. सकाळपासून ज्याची वाट पाहिली तो प्रश्न, नवा, कोरा, त्यामागे कुणाची दया नाही, कुणाचा कट नाही. "नाही," ती म्हणाली. "साउथहॅम्प्टनला असतात ते. गुडघे धरलेत, थंडीत नको म्हटलं मीच." अक्षयाला ते पटलं. तिच्या बाबांचंही तसंच होतं. जिना उतरताना ओरडतात, डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत, शेवटी आईनंच कसलंसं तेल आणून चोळायला घेतलं तर आता जरा बरं आहे. नाव विचारून सांगते म्हणाली, काकांना लावून बघा. सुचेता ऐकत होती आणि वाट पाहत होती. छातीवरचा दगड उचलला जाण्याची वाट पाहत होती. तिनं साउथहॅम्प्टनचं घर डोळ्यांसमोर आणलं. टीव्ही आला, शाल आली, खिडकीतलं मावळतं ऊन आलं. खुर्ची आली. तिनं पुन्हा पुन्हा बघितलं. शाल खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवलेली होती, तिनं स्वतःच ठेवली होती, सकाळी निघताना, आणि खुर्चीत कुणी नव्हतं. विश्वास ठेवणारं माणूस मिळालं होतं आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की त्याला ते फलक वाचणं ऐकवायचं राहून गेलं, आणि आता कुठल्याच गावात तो ऐकायला नाही. ती थांबली. पुलाच्या कठड्याला धरलं.

"काय झालं, काकू? बरं नाही वाटत?"

"अक्षया, ते नाहीत गं," सुचेता म्हणाली. "गेले."

अक्षयाला कळेना. तिच्या चेहऱ्यावर अजून मघाचं तेल होतं, बाबांचा जिना होता. मग हळूहळू तिचा रंग उतरला. "गेले म्हणजे… अहो, आत्ता तर तुम्ही… कधी?"

"आज दुपारी," सुचेता म्हणाली.